मुंबई बंदरातील शैलभित्ती

मुंबई बेट आणि मुख्य भूमी यांमधील नैसर्गिक बंदराच्या मुखाशी व अंतर्भागात पसरलेल्या, भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणाऱ्या आणि ओहोटीच्या वेळी अंशतः उघड्या पडणाऱ्या खडकांच्या रांगा. कुलाब्याच्या दक्षिण टोकापासून समुद्रात शिरलेली प्राँग्जची रांग, बंदराच्या आत असलेला संक रॉक, मुखाच्या दक्षिण बाजूची थळची रांग, खांदेरी व उंदेरी या बेटांभोवतीचे खडक, अलिबागसमोरील चौलकडू आणि रेवसच्या वाटेवरील काशाचा खडक ही त्यांपैकी विशेष परिचित स्थळे होत. बंदराचे पाणी उत्तरेस ठाण्याच्या, पूर्वेस पनवेलच्या आणि आग्नेयीस धरमतरच्या खाडीत शिरते. या तिन्ही खाड्यांतून समुद्राकडे जाणारी व मुंबईच्या गोद्यांकडे आणि न्हावा-शेवा येथील बंदराकडे येणारी जहाजे शेवटी एकाच मुखातून जात-येत असल्यामुळे येथील खडकांना त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठे महत्त्व आले आहे.

शैलभित्ती म्हटले म्हणजे उष्ण समुद्रातील प्रवाळांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. मुंबईच्या शैलभित्ती त्या प्रकारच्या नाहीत. त्या ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या कातळाच्या आहेत, म्हणजे सह्याद्रीच्या कड्यांत जो खडक दिसतो त्याच कुळातील आहेत. फरक इतकाच की, येथे त्याच्या कडा समुद्राच्या पातळीला येऊन मिळाल्या आहेत.

भूरचना : हे खडक येथे का आले, याचे उत्तर बंदरात नसून पनवेलच्या परिसरात आहे. दक्षिण ट्रॅप या नावाने ओळखले जाणारे लाव्ह्याचे थर सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी व त्यानंतरच्या काळात एकावर एक साचले. खंडाळ्याच्या घाटातून प्रवास करणाऱ्यास हे थर पायऱ्यांप्रमाणे आडवे दिसतात. मैलोगणती त्यांच्यात म्हणण्यासारखा उतार नाही. घाट उतरून पनवेलकडे आले म्हणजे मात्र चित्र बदलते. तेथून पुढे थर पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे, कलू लागतात. जणू एखादी जाड पुस्तकांची चळत टेबलाच्या काठावरून बाहेर सरकून खाली वाकावी, तसा कोकणच्या कवचाला या पट्ट्यात बाक आलेला आहे. भूवैज्ञानिक वाङ्मयात हा बाक ‘पनवेल फ्लेक्शर’ या नावाने प्रसिद्ध आहे. थरांचा हा पश्चिमेकडील कल एकोणिसाव्या शतकातील भूवैज्ञानिकांनीही टिपला होता, जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये पश्चिम भारतातील भित्तींविषयी लिहिताना त्याचे विवेचन केले. भारताचा पश्चिम किनारा ज्या भूकवचीय ताणातून घडला, त्याच्याशी या बाकाचा संबंध जोडला जातो.

आडव्या थरांची झीज झाली तर सपाट पठारे व पायऱ्या तयार होतात. कललेल्या थरांची झीज निराळ्या रीतीने होते. कठीण थराची कड वर राहते, मऊ थर खोदला जातो आणि परिणामी उत्तर-दक्षिण दिशेने एकमेकींस समांतर अशा टेकड्यांच्या व सखल पट्ट्यांच्या ओळी उत्पन्न होतात. मुंबई बेट अशाच ओळींचे बनलेले आहे. मलबार हिलपासून वरळीपर्यंतची पश्चिमेकडील रांग ही एक आणि कुलाब्यापासून उत्तरेस जाणारी पूर्वेकडील रांग ही दुसरी. या दोहोंमध्ये मऊ थर झिजून जो खोलगट भाग झाला, त्याच्या दक्षिण टोकास समुद्र शिरून बॅक बे तयार झाला. पूर्वेकडील रांगेच्याही पलीकडे पाणी शिरले, ते बंदर होय. घारापुरी, तुर्भे व करंजा येथील टेकड्या म्हणजे या पाण्यात उरलेले उंचवटे आणि ज्यांची डोकी पाण्यावर येण्याइतकी उंच राहिली नाहीत, त्या शैलभित्ती. थोडक्यात, ज्या रचनेने मुंबईला बंदर दिले तिनेच त्याच्या दारात खडकही ठेवले. एक हवे व दुसरे नको असे म्हणण्याची सोय नव्हती.

समुद्राची पातळी व जमीन यांचा परस्परसंबंधही कायम राहिलेला नाही. १८७५–८० या काळात प्रिन्सेस गोदीचे खोदकाम चालू असता चिखलाच्या थराखाली खैराच्या झाडांचे पावणेचारशेहून अधिक बुंधे सापडले. त्यांपैकी बरेच मूळ जागी मुळांसह उभे होते. पुढे अलेक्झांड्रा (आताची इंदिरा) गोदी खणतानाही असेच अवशेष मिळाले. खैर हे खाऱ्या पाण्यात वाढणारे झाड नव्हे. तेव्हा आज भरतीच्या पातळीच्या बऱ्याच खाली असलेली ही जागा एके काळी कोरडे रान होती हे उघड आहे. त्या रानात उभे राहून दक्षिणेकडे पाहणाऱ्यास आजच्या काही शैलभित्ती लहान टेकाडांसारख्या दिसल्या असत्या.

भरती-ओहोटी व धोक्याचे स्वरूप : सदैव पाण्यावर असलेला खडक फारसा घातक नसतो, कारण तो दिसतो. फार खोल असलेलाही घातक नसतो. ज्याचे डोके भरती व ओहोटी यांच्या दोन पातळ्यांदरम्यान किंवा त्यांच्या थोडे खाली येते तो खडक खरा धोक्याचा. मुंबईस या दोन पातळ्यांमधील अंतर मोठे असल्यामुळे असे खडक पुष्कळ आहेत.

नाविक नकाशांत खोली ज्या पातळीपासून मोजतात तिला आधारपातळी म्हणतात. ती नेहमीच्या ओहोटीच्याही खाली धरलेली असते. मुंबईस या पातळीच्या वर उधाणाच्या भरतीचे पाणी सरासरीने ४·४२ मी. व भांगाच्या भरतीचे ३·३० मी. चढते, ओहोटीस ते भांगाच्या दिवसांत १·८६ मी.पर्यंत आणि उधाणाच्या दिवसांत ०·७६ मी.पर्यंत उतरते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे किनाऱ्यावरील प्रत्येक तांडेलास ठाऊक असते. या चार आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आधारपातळीच्या वर २ मी. उंच असलेला एखादा खडक घेतला, तर उधाणाच्या ओहोटीस तो सव्वा मीटर उघडा पडतो व कोणासही दिसतो. भांगाच्या ओहोटीस त्याचे डोके जेमतेम पाण्याबाहेर येते. त्या वेळी तेथे फुटणाऱ्या लाटेवरूनच त्याची जागा कळते. भांगाच्या भरतीस त्याच्यावर १·३० मी. आणि उधाणाच्या भरतीस २·४२ मी. पाणी असते. आता ज्या होडीचा तळ पाण्याखाली दीड मीटर जातो ती अमावास्येच्या भरतीला या खडकावरून निर्धास्त पार होईल आणि आठवड्याने, तशाच भरतीच्या वेळी व त्याच वाटेने गेली तर फुटेल. दोन्ही वेळी खडक दिसणार नाही. अनुभवी नाविकालाही अपघात होतो तो बहुधा असा. कालचा अनुभव त्याला आज खोटा धीर देतो.

जहाजाची डूब, म्हणजे पाण्याच्या पृष्ठापासून तळापर्यंतचे अंतर, ही यातील दुसरी बाजू आहे. मीटरभर डूब असलेल्या मचव्याला जो खडक अस्तित्वातच नाही, तो आगबोटीला प्राणघातक ठरतो. आणि आगबोटीने ज्याची कधी दखल घेतली नाही असा दहा-बारा मीटर खोलीवरील उंचवटा आजच्या धारकवाहू जहाजाच्या वाटेत आडवा येतो. उथळ पाण्यातून वेगाने जाणाऱ्या जहाजाचा तळ आणखी थोडा खाली बसतो, लाटांमुळेही तो वरखाली होतो. म्हणून केवळ डुबीइतके पाणी असून भागत नाही. जहाजे जसजशी मोठी होत गेली तसतशी बंदरातील धोकादायक खडकांची संख्या वाढत गेली असे म्हणावे लागते, जरी खडक होते तेवढेच राहिले.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या मोठ्या लाटा खोल समुद्रात लांब व पसरट असतात. तळ उथळ होऊ लागला की त्यांचा वेग मंदावतो, त्या आखूड व उंच होतात आणि शैलभित्तीच्या दोन्ही अंगांनी वळून तिच्या मागे एकमेकींवर आदळतात. त्यामुळे खडकाला प्रत्यक्ष न लागताही त्याच्या आसपासचे पाणी लहान बोटींना धोक्याचे असते.

प्रमुख शैलभित्ती : कुलाब्याचे टोक जेथे संपते असे दिसते तेथे ते वस्तुतः संपत नाही, पूर्वेकडील रांग पाण्याखालून पुढे जाते. तिला काट्याच्या दातांसारखे फाटे असल्यामुळे इंग्रज नाविकांनी तिला प्राँग्ज हे नाव दिले. मराठीत कुलाब्याची दांडी हे या टोकाचे जुने नाव असून दीपगृहालाही दांडीचा दिवा म्हणत. मोठ्या उधाणाच्या ओहोटीस या रांगेवरून जवळजवळ दीपगृहापर्यंत पायी जाता येते. भरतीस तेथे पाण्याखेरीज काही दिसत नाही. पश्चिमेकडून येणाऱ्या जहाजाला मुंबईचे दिवे समोर दिसत असता वाट मात्र दक्षिणेकडे वळसा घालून काढावी लागते, ती या रांगेमुळे. संक रॉक बंदराच्या आत आहे. त्याच्या नावातच तो बुडालेला असल्याचे सांगितले आहे. मुख्य नौकामार्ग त्याच्याजवळून जात असल्याने लहान असूनही त्याची दखल अधिक घ्यावी लागते.

मुखाच्या दक्षिण बाजूस थळची रांग व पुढे खांदेरी आणि उंदेरी ही बेटे आहेत. या खडकाळ उथळ पाण्याचा मराठ्यांच्या आरमाराने केलेला उपयोग इतिहासात नमूद आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधण्यास प्रारंभ केला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी तो अडविण्यासाठी आपली जहाजे पाठविली. इंग्रजांची जहाजे जड तोफांची व अधिक डुबीची होती, तर दौलतखानाच्या आधिपत्याखालील मराठ्यांची गलबते हलकी होती. ती थळच्या किनाऱ्यावरून रसद घेऊन निघत आणि पाठलाग झाल्यास जेथे मोठे जहाज येऊ धजत नसे अशा उथळ पाण्यात शिरत. ऑक्टोबर १६७९ मध्ये प्रत्यक्ष लढाई झाली, तरी बेटाला होणारा पुरवठा इंग्रजांना पुरता तोडता आला नाही व १६८० च्या आरंभी त्यांनी नाद सोडला. उंदेरी मात्र जंजिऱ्याच्या सिद्दीने बळकावली. खांदेरीवर १८६७ मध्ये दीपगृह उभारले गेले. १९९८ मध्ये या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले.

पनवेल व अंतर्गत वाहतूक : बाहेरच्या शैलभित्तींमुळे लाटांचा जोर मुखाशीच काही अंशी मोडतो व आतील पाणी त्या मानाने शांत राहते. पावसाळ्यात कोकणच्या उघड्या किनाऱ्यावरील जलवाहतूक बंद पडे, तेव्हाही बंदराच्या आतील फेऱ्या चालू ठेवता येत, त्या या आडोशामुळे. पनवेलचा उत्कर्ष झाला तो या शांत पाण्यावर. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यानंतर मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी प्रथम होडीने पनवेलला येई व तेथून घाट चढे. पनवेलची खाडी उथळ व चिखलाची असल्यामुळे होड्यांना भरतीबरोबर आत यावे आणि ओहोटीबरोबर बाहेर पडावे लागे. वेळापत्रक पंचांगातील तिथीवर अवलंबून असे. १८६३ मध्ये घाटातून लोहमार्ग सुरू झाला व ही वाहतूक ओसरली. १९७३ मध्ये ठाण्याच्या खाडीवर वाशी येथे पूल झाल्यावर पनवेल मुंबईला रस्त्याने जवळ आले आणि बंदर म्हणून त्याचे उरलेसुरले महत्त्वही संपले.

दीपगृहे व इतर खुणा : खडकाच्या धोक्यावर दोन उपाय संभवतात. खडक काढून टाकणे हा एक व त्यावर खूण उभारणे हा दुसरा. न्यूयॉर्कच्या हेल गेट या अरुंद मार्गातील फ्लड रॉक नावाचा खडक १० ऑक्टोबर १८८५ रोजी त्याच्या पोटात बोगदे खणून सुरुंगांनी उडवून देण्यात आला. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील रिपल रॉकची दोन शिखरे ५ एप्रिल १९५८ रोजी अशाच रीतीने उडविली गेली. याउलट इंग्लंडमध्ये प्लिमथसमोरील एडिस्टन खडकावर १६९८ पासून एकामागून एक दीपगृहे बांधली गेली. पहिले १७०३ च्या वादळात बांधणाऱ्यासह नाहीसे झाले. जॉन स्मीटन याचे १७५९ मधील दगडी दीपगृह शंभरावर वर्षे टिकले व त्याखालचा खडकच झिजू लागल्यामुळे ते बदलावे लागले. वाटेत उभा असलेला एकटा खडक उडविता येतो, पण प्राँग्जसारखी लांब रांग उडविणे हा व्यवहार्य उपाय नव्हे. शिवाय ती नाहीशी झाली तर तिच्यामागील आडोसाही जाईल. मुंबईत खूण उभारण्याचा मार्ग पत्करला गेला आणि तो योग्यच होता.

कुलाब्याच्या टोकावर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दिवा होता. परंतु तो जमिनीवर आणि धोका त्याच्या पलीकडे पाण्यात, अशी स्थिती असल्यामुळे तो पुरेसा ठरेना. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. पुढे प्रिन्सेस गोदीचा आराखडा करणारे अभियंते टॉमस ऑर्मिस्टन यांनी प्राँग्ज रांगेवरच दीपगृह बांधले व ते १८७५ मध्ये पुरे झाले. गोलाकार दगडी मनोऱ्याची उंची सु. ४५ मी. असून त्याचा प्रकाश सु. ३७ किमी.वरून दिसतो. त्यास सहा लाख रुपयांहून अधिक खर्च आला. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. भरतीस बुडणाऱ्या कातळावर पाया घालावयाचा म्हणजे काम ओहोटीच्या तासांत उरकावे लागते आणि प्रत्येक दगड शेजारच्या दगडात गुंतवून बसवावा लागतो. एडिस्टनच्या अनुभवातून सिद्ध झालेले हे शास्त्र होते. संक रॉकवरील दीपगृह १८८४ मध्ये उभे राहिले. [⟶ दीपगृह].

रात्री दिव्याचा उपयोग होतो, तर दिवसा बोयांचा व ठळक खुणांचा. किनाऱ्यावरील दोन खुणा एका रेषेत धरून चालल्यास होडी ठरावीक मार्गावर राहते व त्या फाकल्या की मार्ग सुटल्याचे कळते. होकायंत्राशिवाय चालणारी ही युक्ती सर्वत्र जुनी आहे. पनवेलच्या दक्षिणेस कर्नाळा किल्ल्याच्या माथ्यावरचा सुळका स्वच्छ हवेत फार दुरून ओळखू येतो व अशा कामी येण्याजोगा आहे. इंग्रजांनी या डोंगराला फनेल हिल म्हणजे धुराड्याचा डोंगर असे नाव दिले होते. बोयांबाबत भारतात १९८० मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचा ‘अ’ विभाग लागू आहे. त्यानुसार बंदरात शिरताना डाव्या हातास लाल व उजव्या हातास हिरवी खूण ठेवावयाची असते. भोवताली खोल पाणी असलेल्या एकट्या खडकावर काळी व मध्ये लाल पट्टा असलेली खूण असते, तिच्या माथ्यावर दोन काळे गोळे असतात आणि रात्री तिचा पांढरा दिवा दोन-दोनदा लुकलुकतो.

खूण उभारण्यापूर्वी खडक सापडावा लागतो. पूर्वी दोरीस शिशाचे वजन बांधून पाण्याची खोली घेत. दोन मोजण्यांच्या मधली जागा अशा रीतीने न पाहिलेलीच राहते; सुईसारखा उभा खडक तेवढ्यात निसटतो व जहाजाच्या तळाला प्रथम सापडतो. पुढे दोन बोटींमध्ये ठरावीक खोलीवर तार ताणून ती पाण्यातून ओढण्याची रीत आली. कोठे खडक असला तर तार त्यात अडकते. ध्वनिलहरींच्या साहाय्याने तळाचा सलग पट्टा पाहणाऱ्या आधुनिक उपकरणांनी हा प्रश्न बराचसा सोडविला आहे. भारतीय नाविक नकाशे डेहराडून येथील राष्ट्रीय जलालेखन कार्यालयातर्फे प्रसिद्ध होतात.

‘रामदास’ बोटीची दुर्घटना : मुंबईच्या परिसरात काशाच्या खडकाचे नाव ज्या घटनेमुळे घरोघरी माहीत झाले ती १७ जुलै १९४७ रोजी घडली. ‘रामदास’ ही १९३६ मध्ये बांधलेली प्रवासी आगबोट त्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढी अमावास्येचा सुमार असल्याने कोकणात गावी जाणाऱ्यांची गर्दी होती. वारा व पाऊस वाढत गेला. काशाच्या खडकाजवळ बोटीच्या एका अंगावर मोठ्या लाटा येऊन पाणी आत शिरले, भ्यालेले प्रवासी दुसऱ्या अंगाला धावले आणि बोट कलून उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. बंदरापासून इतक्या जवळ बोट गेली तरी वाचलेली माणसे पोहत, वाहत किनाऱ्याला लागेपर्यंत कित्येक तास मुंबईस तिची वार्ता नव्हती.

बोट खडकावर आपटून फुटली अशी समजूत लोकांत रूढ आहे. ती बरोबर नाही. बोट उलटली आणि खडक केवळ त्या जागेची खूण आहे. तथापि जागेचा काहीच संबंध नव्हता असेही म्हणता येत नाही. मुंबईस अमावास्या-पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या आसपास पूर्ण होते. त्या हिशेबाने सकाळी साडेआठची वेळ चढत्या उधाणाची होती व बाहेरच्या लाटा त्या पाण्याबरोबर आत येत होत्या. कुलाब्याचा आडोसा जेथे संपतो आणि खडकाळ उथळ पाणी जेथे सुरू होते, नेमक्या त्या पट्ट्यात लाट अधिक उंच व उभी होते. कललेल्या बोटीत पाणी आणि माणसे दोन्ही एका बाजूला सरकली की तिला सरळ करणारा जोर झपाट्याने कमी होतो. मग पुढची लाट फार मोठी असण्याची गरज राहत नाही. गर्दी, हवामान व संदेशयंत्राचा अभाव ही कारणे माणसांच्या हातातील होती. खडकाला दोष देणे सोपे असते, म्हणून कदाचित आठवणीत खडक राहिला.

अलीकडील काळ : न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचे काम १९८९ मध्ये सुरू झाल्यानंतर त्याच मुखातून जाणारी वाहतूक वाढली व तिचे स्वरूपही बदलले. २०१० नंतरच्या दशकात मुख्य नौकामार्ग दोन टप्प्यांत खोल व रुंद करण्यात आला. प्रथम १४ मी. व नंतर १५ मी. डुबीची जहाजे भरतीचा फायदा घेऊन येऊ शकतील असे उद्दिष्ट होते. या कामात गाळाबरोबर काही ठिकाणी कातळही फोडावा लागला. गाळ पुन्हा साचतो, म्हणून तो वरचेवर काढावा लागतो. कातळ एकदा फोडला की परत येत नाही, पण फोडताना राहून गेलेला एखादा सुळका गाळाच्या ढिगापेक्षा कितीतरी घातक असतो. मऊ चिखलात रुतलेले जहाज बहुधा पुढच्या भरतीला निघते, कातळावर चढलेल्याचा तळ फाटतो.

या काळातील गाजलेले अपघात खडकावर आदळून झाले नाहीत, तर खडकांनी आवळलेल्या वाटेतील गर्दीमुळे झाले. ७ ऑगस्ट २०१० रोजी बंदराच्या मुखाबाहेर ‘एम्एस्सी चित्रा’ व ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ उथळ जागी कलून पडली, तेल सांडले, धारक पेट्या नौकामार्गात वाहत आल्या आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली. वाहत्या पेट्या म्हणजे कोणत्याही नकाशात नसलेले खडकच होते. ३० जानेवारी २०११ रोजी संक रॉक दीपगृहाच्या परिसरात भारतीय नौदलाची ‘विंध्यगिरी’ ही युद्धनौका ‘नॉर्डलेक’ या व्यापारी जहाजाशी टक्कर होऊन पेटली व गोदीत आणल्यावर बुडाली. उलट लहान बोटींना जुना धोका जसाच्या तसा आहे. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईच्या पश्चिमेकडील समुद्रात नियोजित शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेली एक वेगवान बोट बुडीत खडकावर आपटून उलटली व एका प्रवाशाचा मृत्यू झाला. तो दिवस शरद पौर्णिमेचा, म्हणजे उधाणाचा होता.

मोठ्या जहाजांना बंदरात शिरताना बंदराचा अधिकृत मार्गदर्शक घ्यावा लागतो व त्यांच्या हालचालींवर किनाऱ्यावरून रडारद्वारे लक्ष ठेवले जाते. मच्छीमारांच्या आणि प्रवासी वाहून नेणाऱ्या लहान बोटींना अशी सोय नसते. त्या नौकामार्ग टाळून त्याच्या कडेच्या पाण्यातून जातात, आणि खडक आहेत ते त्या कडेलाच.

जीवसृष्टी : भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील हे कातळ कालवे, शिंपले, खेकडे व शेवाळ यांनी झाकलेले असतात. उधाणाच्या ओहोटीस कोळी स्त्रिया कोयते व टोपल्या घेऊन उघड्या कातळावर कालवे काढण्यास जातात. कपारींत शेवंड व खडकांच्या आश्रयाने राहणारे मासे मिळतात. भोवतालचा तळ चिखलाचा असल्यामुळे चिकटून राहणाऱ्या प्राण्यांना येथे कातळाशिवाय दुसरी जागा नाही. कालवे काढणाऱ्यांना पाणी फिरण्याची वेळ अचूक ठाऊक असावी लागते, कारण सखल भागातून चढणारी भरती प्रथम त्यांच्या पाठीमागील वाट बुडविते आणि उभा असलेला कातळ सर्वांत शेवटी.